आषाढात घेतलेला स्वस्त कॉम्प्युटर

बायकोच्या उजव्या अंगठ्यापायी आम्ही कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. ती कानडीतून मराठीत भाषांतरं करते. कुकरची माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या, कुठल्याशा दवाखान्याच्या सूचना, असं सगळं मोबाइलवर टाइप करून करून अंगठा सुजला होता. माझ्या आईच्या पायाच्या ऑपरेशननंतर तिने शाळेतली नोकरी सोडली होती, त्यानंतरचं हे तिचं स्वतःचं असं पहिलं काम. आता एका एजन्सीने कायमचं काम देऊ केलं होतं. अट एकच: आधी चाचणी द्यायची, तीही त्यांच्याच सॉफ्टवेअरवर, आणि ते मोबाइलवर चालत नाही. माझा लॅपटॉप ऑफिसचा. त्यात ऑफिसने इतकी कुलपं घातली आहेत की घड्याळाची वेळसुद्धा मला बदलता येत नाही.

खरेदीचं मी माझ्याकडे घेतलं. घरात कुणी ते मागितलं नव्हतं, पण असल्या कामांत मी स्वतःला जाणकार समजतो. सगळ्यात स्वस्त डेस्कटॉप घ्यावा की नाही, यावर मी पुष्कळ रात्री लोकांचे अभिप्राय वाचले. अर्धे म्हणत, एवढ्या किमतीत आणखी काय हवं? उरलेले अर्धे म्हणत, फेकून द्या. मला दोन्ही बाजू पटत. सकाळी चहाबरोबर मी बायकोला प्रोसेसर समजावून सांगे.

"अहो, चाचणी मला द्यायची आहे ना?" ती एकदा म्हणाली. "की तुम्हीच बसणार आहात?"

मारतहळ्ळीला राहणाऱ्या भाचीला फोन केला. ती दिवसभर कॉम्प्युटरशीच झुंजते. तिने दोन मिनिटांत निकाल दिला. "मामा, यात जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे आणि रॅम नावाला. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. थोडे जास्त टाका, एसएसडीवाला घ्या."

"अगं, पण मामीला नुसतं टाइप तर करायचंय."

"मामीला विचारलंत? ते सॉफ्टवेअर केवढं जड आहे ते?"

नव्हतं विचारलं. आणि त्यानंतरही विचारलं नाही, कारण तेवढ्यात आषाढ लागला आणि इथल्या दुकानांतून आषाढाचे सेल लागले. हा महिना इथे कानडी मुलखात अशुभ, नवी वस्तू कुणी घेत नाही, म्हणून तर दुकानदार भाव उतरवतात. जयनगरच्या दुकानातला माणूस म्हणाला, "सार, होम यूजला सूपर. येल्ला आगुत्ते. स्वल्प टाइम तगोळुत्ते, अष्टे." सगळं होतं, फक्त थोडा वेळ घेतो, इतकंच. मी 'सगळं' ऐकलं. 'वेळ' ऐकला नाही.

घरी आई अडून बसली. आमची किती पिढ्यांची मुळं इथे रुजली कोण जाणे, पण कानडी शेजाऱ्यांचा आषाढ आमच्या घरात त्यांच्याइतकाच कडक पाळला जातो.

"आषाढात नवं सामान घरात? नक्को बाबा."

"आई, महिना संपला की भाव वाढेल."

"वाढू दे की."

मग मी तोडगा काढला, आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. खोकं आणायचं, पण उघडायचं नाही. सील फुटत नाही तोवर ती वस्तू नव्हे, नुसतं खोकं. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी पूजा करून उघडू. आईने जरा विचार केला. "सरी, चालेल. पण प्लग लावायचा नाही हं." बायको दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि आत निघून गेली.

खोकं सोफ्याशेजारी बसलं. त्यावर टेबलक्लॉथ आला, मग आईचा औषधांचा डबा, मग वर्तमानपत्रं. येणारे-जाणारे त्यावर कॉफीचे लोटे ठेवू लागले.

श्रावणातल्या त्या शुक्रवारी हळदकुंकू वाहून सील कापलं. बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. आम्ही जेवायला बसलो, जेवून उठलो, गोल फिरतच होता. आई म्हणाली, "नवा आहे, लाजत असेल."

संध्याकाळी बायकोने एजन्सीचं सॉफ्टवेअर घातलं. एक ओळ टाइप करावी आणि अक्षरं मागाहून एकेक करत उगवावीत. मी तावातावाने दुकानात फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, "सार, बदलून द्यायची मुदत बिलाच्या तारखेपासून. ती केव्हाच संपली. एवढे दिवस ओपनच केला नाही?" आता या माणसाला आषाढ कसा समजवायचा? खरं तर त्याला तो माझ्यापेक्षा चांगला समजत होता, त्यावरच तर त्याचा सेल चालला होता. "आणि स्लो असणं हा बिघाड नाही सार. मॉडेलच तसं आहे."

चाचणी दुसऱ्या आठवड्यात आली. वेळ ठरलेली. बायको पडद्याकडे न बघता टाइप करत होती, कारण पडदा तिच्या दोन वाक्यं मागे होता. निम्म्यावर सगळं गोठलं. मी मागे उभा होतो.

"रीस्टार्ट करून बघायचं का?"

"तुम्ही बसा."

"नाही, म्हणजे बाकीचं सगळं बंद केलं तर..."

"अहो, बसा म्हटलं ना!"

पडदा पुन्हा हलू लागल्यावर गेलेली दोन पानं तिने पुन्हा लिहिली आणि पाठवून दिली. मग गार झालेली कॉफी तशीच प्यायली.

चार दिवसांनी उत्तर आलं. भाषांतर उत्तम आहे, मात्र वेळेत आलेलं नाही, सबब तूर्त काम देता येत नाही. पुढल्या महिन्यात पुन्हा चाचणी देता येईल. तिने ते दोनदा वाचलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर तिने भाचीला फोन लावला होता.

"रविवारी येतेस? ती एसएसडी आण, रॅमही आण. काय? वॉरंटी जाते? जाऊ दे. तिने आजवर काय दिलंय? ... नाही, मामांना नको विचारूस. मला विचार."

आई पलंगावरून म्हणाली, "रविवारी अमावास्या आहे गं."

"असू दे," बायको म्हणाली.

मी हळूच विचारलं, एसएसडी कुठल्या कंपनीची घेताय, थोडं वाचून बघू का? ती उठली, टेबलावरचा माझा ऑफिसचा लॅपटॉप मिटला, माझ्या हातात दिला आणि तिथे पुढल्या चाचणीसाठी जागा करू लागली.