काताळावरचं भात

आमची वाडी आरे-वारेच्या वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकावर. वाट चुकून आलेले पर्यटक विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे? मी सांगते, आमचं भात बघा. ते हसतात. हसू देत, त्यांना काय कळतंय कपाळ!

कूळकायदा आला, कसणाऱ्यांची जमीन झाली, तेव्हा आमच्या बौद्धवाडीच्या पदरात पडला तो खोताने कधी ढुंकूनही न बघितलेला उघडा काताळ. कुदळ मारली की ठिणगी उडायची. आजोबांच्या पिढीने खालच्या पऱ्यातला, म्हणजे ओढ्यातला, गाळ टोपल्यांनी डोक्यावरून वर आणला आणि त्या दगडावर शेतं केली. गुडघे गेले बिचाऱ्यांचे, पण हटले नाहीत. मला त्यांचा भारी अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

त्यांनी एक रीत पाडली, ती अजून चालते. पावसात धुपून गेलेली माती उन्हाळ्यात पुन्हा वाहायची, ती दुसऱ्याच्या शेतात, आपल्या शेतात नाही. आपल्यात दुसरे घालतात. माणसाला आपल्यापुरतं बघायची खोड लागू नये, म्हणून.

गेल्या वर्षी माझ्या काकीचा मुलगा मुंबईहून आला, तो शेत विकायचं ठरवूनच. गणपतीपुळ्याकडून हॉटेलं इकडे सरकतायत, त्यामुळे गिऱ्हाईक तयार होतं. काका वारल्यापासून जमीन मायलेकांच्या नावावर, म्हणजे काकीची सही हवीच. एकुलता एक लेक. नाही म्हणावं तर तो तुटणार, हो म्हणावं तर शेत जाणार. मला त्याचा असा राग आला होता, की समोर आला तरी मी बोलत नव्हते.

गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं त्या सकाळी काकी लेकाला शेतावर घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. तो तिला समजावत होता, या दगडावर किती दिवस मरशील, चल माझ्याकडे मुंबईला. तसा तो वाईट नाही हो, आईची काळजी होतीच त्याला. मग म्हणाला, बाबांनी इथे जन्मभर माती वाहिली, त्यांना काय मिळालं?

"इथे नाही वाहिली," काकी म्हणाली.

तिने हात लांब करून शेजारची, पलीकडची, पार उतारापर्यंतची शेतं दाखवली. "तुझा बाप त्या सगळ्यांत आहे. इथे आहेत ते दुसऱ्यांचे बाप. त्यांना कसा विकशील रे?"

तो बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून उठला आणि गिऱ्हाइकाला त्यानेच परत पाठवलं.