किती वेळा ‘समजलं’ म्हणू

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं, उगाच लाजायचं कशाला. पण पहिली असण्याचा जाचही आहे. कुणाचा फोन अडला, प्रिंटर अडला, की माझ्या नावाने हाक. रत्नागिरीत एका लहानशा ऑफिसात मी दिवसभर परक्यांच्या वेबसाइट दुरुस्त करते आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या.

आरे-वारेच्या रस्त्याला काका-काकींच्या दोन खोल्या आहेत. पर्यटकांना देतात, जेवण काकीच्या हातचं. साइट मीच करून दिलेली. गेल्या वर्षी काका गेले. दरवर्षी येणारे पाहुणे फोन करायचे आणि आधी विचारायचे, “काका कुठायत?” काकी सांगून सांगून दमली.

“तुझ्या त्या साइटवर लिही गो,” म्हणाली. “मला परत परत तोंडाने सांगायला लावू नको.”

मी लिहिलं. साइट उघडली की समोर चौकट: काका आता नाहीत, खोल्या चालू आहेत, जेवण पूर्वीसारखंच. खाली बटण, ‘समजलं’. एकदा दाबलं की चौकट पुन्हा येत नाही. निदान मी तसं केलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत काकीचा फोन आला. पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे आणि घरात मासळीचा तुकडा नाही. मी कामात होते, वैतागून बोलले, “बुकिंग साइटवर दिसत होतं ना? उघडत का नाहीस?”

“नाय उघडत,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी गेले. तिने ओल्या हाताने फोन माझ्यापुढे सरकवला.

“उघड. बघ पहिलं काय येतं ते. सकाळी समजलं, दुपारी समजलं. कोण गेल्याची बातमी आली की आंघोळ करायची आपल्यात. मी दिवसातून किती आंघोळी करू गो?” ती हसली. मला हसू आलं नाही. मग भांडी लावता लावता म्हणाली, “बंदच करते खोल्या. बस झालं.”

खोल्या बंद म्हणजे काकी दिवसभर एकटी त्या घरात. मला ते नको होतं.

फोन बघितला तर कुकीज ब्लॉक. कुकी म्हणजे साइटने पाहुण्याच्याच फोनमध्ये ठेवलेली चिठ्ठी: या माणसाने सूचना वाचलीय, परत दाखवू नको. चिठ्ठीच ठेवू दिली नाही तर साइटला प्रत्येक खेपेला माणूस नवा. दुबईला असलेल्या तिच्या मुलाने जाताना हे बंद करून दिलं होतं, कुणी फसवू नये म्हणून.

“हे चालू करू?” मी विचारलं.

“हात लावू नको. त्याने बंद केलंय, बंदच राहू दे.”

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. पडवीत बसून मी साइटच्या पत्त्याला मागे चार अक्षरांचं एक शेपूट जोडलं. त्या शेपटाचा पत्ता उघडला की चौकट दाखवायचीच नाही, चिठ्ठी असो नसो. तो पत्ता तिच्या फोनच्या पहिल्या पानावर ठेवला, आंब्याचं चित्र लावून.

“इथूनच उघडायचं.”

तिने दाबलं. सरळ बुकिंगचं पान.

“गेली?”

“तुझ्यापुरती. पाहुण्यांना दिसणार.”

“दिसू दे.” शनिवारचं बुकिंग तिने बोटाने वर-खाली करून दोनदा वाचलं. “चौघे आहेत. घावणे घालीन.” मग म्हणाली, “आणि त्या बटणावरचं ‘समजलं’ काढ. समजलंय कुठे गो? मला नाय समजलं अजून. ‘वाचलं’ लिही.”

लिहिलं. नीट चालतंय ना, हे बघायला माझ्या फोनमधली जुनी चिठ्ठी पुसावी लागली, म्हणजे मीही नवी झाले. चौकट आली. काका आता नाहीत. मला कॉलेजात नाव घालायला बरोबर आलेले काका, तिथल्या ऑफिसाबाहेर चपला काढून उभे राहिलेले. ही चौकट बसवताना मी ती कितीदा तरी दाबून घालवली होती, एकदाही न वाचता.

या वेळी वाचली. मग ‘वाचलं’ दाबलं.