पाटावर आणलेली रेती

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. मी नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेत ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सीट टेस्ट करतो... जे मोजता येत नाही ते नसतं, एवढं सोपं माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

त्या वर्षी आई गणपतीला आमच्याकडे होती. दीड दिवसाचा गणपती, शाडूची वीतभर मूर्ती. एरवी आम्ही बादलीतच विसर्जन करतो. आईला ते काही पटेना. "एवढं समुद्रासारखं पाणी आहे तुमच्याकडे, अन् बाप्पाला बादलीत बुडवता?" मग मी, बायको मृणाल, सहा वर्षांची सई आणि आई, असे ड्राइव्ह करून लेक ह्यूरॉनच्या काठी गेलो. बीचवर कोणी नव्हतं. पाणी उतरलं होतं आणि काठालगतच्या उथळ पाण्यात रेतीतून काही काळ्या, जाड फळ्या वर आल्या होत्या. कुठलीतरी जुनी बोट असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. आरती झाली, विसर्जन झालं आणि रिवाजाप्रमाणे आईने रिकाम्या पाटावर तिथली ओंजळभर रेती घेतली. घरी आल्यावर ती वाटीत घालून देवाजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सई डावीकडे कलायला लागली.

चालताना भिंतीचा आधार घ्यायची. खुर्चीवर बसली तरी टेबल घट्ट धरून. डॉक्टरांनी कान तपासले – नॉर्मल. मग एमआरआय सांगितला, आणि अपॉइंटमेंट मिळाली ती पुढच्या आठवड्यातली. एमआरआय हा शब्द ऐकल्यापासून माझं डोकं नको नको तिथे धावत होतं. ऑफिसात बसवेना, घरी बसवेना. मृणाल माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण मी काय विचार करतोय ते तिला ठाऊक होतं.

त्यात सईचा नवा उद्योग सुरू झाला. खेळणी, उशा, पुस्तकं... सगळं ओढत ओढत खोलीच्या उजव्या भिंतीशी नेऊन रचायची. अगदी घाम फुटेपर्यंत.

"सई, काय चाललंय हे?"

"सगळं या साइडला टाकायचंय, बाबा. अदरवाइज इट विल फॉल."

"काय पडेल?"

"ऑल ऑफ इट," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

शनिवारी सकाळी आई पोहे करत होती. लिंबू ओट्यावरून डावीकडे घरंगळत जाऊन खाली पडलं. तिने उचलून ठेवलं. पुन्हा पडलं. "काय रे, तुमचा ओटा तिरपा आहे काय?" मी मोठ्या रुबाबात स्पिरिट लेव्हल आणली. बुडबुडा बरोब्बर मध्यावर! त्याच्या शेजारी मी स्वतःच्या हाताने लिंबू ठेवलं... ते निघालं डावीकडे.

आई देवाजवळची वाटी घेऊन आली. इतके दिवस झाले तरी रेती ओलीच होती. आणि सगळी एका बाजूला सरकलेली. मी बोटाने सारखी केली. आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू परत डावीकडे गेली, आणि खालून एक गंजलेला, चौकोनी अंगाचा खिळा वर आला.

"हे आपलं नाही," आई म्हणाली. "ज्याचं आहे त्याला देऊन ये. आत्ता."

एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी गुपचूप गाडीची किल्ली उचलली. सगळेच निघालो. सई पूर्ण रस्ताभर दाराचं हँडल धरून बसली होती.

पार्किंगमधला माहितीचा बोर्ड या वेळी आम्ही वाचला. त्या फळ्या एकोणिसाव्या शतकातल्या एका शिडाच्या मालवाहू जहाजाच्या होत्या. मिठाची पिंपं घेऊन जाताना वादळात ते इथल्या उथळ पाण्यात रुतलं आणि डावीकडे कललं. ते सरळ करायला खलाशी शेवटपर्यंत पिंपं ओढून उजवीकडे रचत होते. जहाज काही उठलं नाही. खाली लिहिलं होतं, इथलं काहीही नेऊ नका, खिळासुद्धा.

मृणाल मोठ्याने वाचत होती, ती मध्येच थांबली. आम्ही तिघेही सईकडे बघत राहिलो.

मी गुडघाभर पाण्यात गेलो. फळ्यांपाशी खिळा सोडला, वाटी रिकामी केली. सई काठावर आईचा हात धरून तशीच कललेली उभी होती. मग तिने हात सोडवून घेतला आणि सरळ झाली.

"ओके बाबा. आता तरंगतंय," म्हणाली, आणि सीगल्सच्या मागे नाकासमोर पळत सुटली. मी त्या गार पाण्यात उभा राहून ढसाढसा रडलो.

एमआरआय मी कॅन्सल केला नाही, तेवढा काही मी शूर नाही. रिपोर्ट क्लीन आला. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा तोल कधीकधी व्हायरसने जातो, आपोआप बरा होतो. असेलही. लिंबाला कुठला व्हायरस झाला होता, ते मी त्यांना विचारलं नाही.

आता सईला यातलं काही आठवत नाही. विसर्जन आम्ही पुन्हा बादलीत करतो आणि व्हिडिओ कॉलवर आईसुद्धा त्या बादलीलाच हात जोडते. फक्त किचनमध्ये कोणी नसलं की मी ओट्यावर एक लिंबू ठेवतो आणि बघत राहतो. ते हलत नाही. तरी मी हात त्याच्यापासून फार लांब नेत नाही.