तीन पिढ्यांची किल्ली

घराण्याचं कुणी विचारलं की तो आधी कॉटन वेस्टच्या बोळ्याने हात पुसायचा आणि मग तीन बोटं वर करायचा. "तीन आहेत. पण खरे आहेत." तीन काय, ते सांगतो. माझ्या सांगण्यातून निम्मं वजा करा, उरेल तेही पुष्कळ आहे.

नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगं काढायचो आणि तो तिथे वेल्डर होता. गाव नांदेडकडचं. त्याने वेल्ड केलेल्या टाकीतून पाणी तर सोडाच, आतला आवाजही बाहेर येत नसे.

आमच्या म्हाताऱ्या मालकाला सगळे अरबाब म्हणत. तो रोज सकाळी कॉफी घेताना आपली वंशावळ म्हणायचा. स्वतःपासून सुरुवात, मग बाप, आजा, पणजा, असं मागे मागे जात थेट कहतानपर्यंत. कहतान म्हणजे दक्षिण अरबस्तानातल्या टोळ्यांचा मूळपुरुष. "अस्सल अरब आम्ही. बाकीचे अरबी मागाहून शिकले," असं म्हणून तो उत्तरेकडच्या सगळ्या टोळ्या एका घोटात संपवायचा. यादी इतकी लांब, की कहतान येईपर्यंत माझी सकाळची दाढी पुन्हा वाढलेली असे.

जुना फोरमन कायमचा घरी गेला आणि वर्कशॉपची किल्ली कुणाकडे जाणार, हा प्रश्न आला. कामाकडे पाहिलं तर ती याचीच. पण अरबाबचा नियम होता, "ज्याला आपल्या सात पिढ्या सांगता येत नाहीत, त्याच्या हाती मी दार देत नाही." त्या शुक्रवारी मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, चारचौघांसमोर सांगायच्या.

याला तीनच पिढ्या ठाऊक, चार कमी पडत होत्या. मी लगेच बाह्या सरसावल्या. आमच्या घरी बावीस पिढ्यांची वंशावळ आहे. त्यातल्या एकोणीस पिढ्या आजोबांनी दुपारची झोप येईना म्हणून रचल्या. "चार नावं काय, चाळीस देतो," मी म्हटलं. "एकाच्या हातून वाघ मारवू का?"

"थापाडे," तो मला याच नावाने हाक मारायचा, "आमची वस्ती गावकुसाबाहेर. पाटलाच्या बैलाचंसुद्धा नाव गावाला पाठ होतं. माझ्या खापरपणज्याचं कुणी विचारलं नाही. आता त्याच्या जागी तुमचा शिकारी बसवू? म्हणजे तो दुसऱ्यांदा मेला."

"अरे, फोरमनकी जाईल!"

"जाऊ द्या."

शुक्रवारी आम्ही गालिच्यावर मांड्या घालून बसलो. खोलीत निदान चाळीस माणसं असतील. अरबाबने किल्ली काढून पुढ्यात ठेवली. "यल्ला सदीक." चल मित्रा, सांग.

याने बाप सांगितला, आजा सांगितला, पणजा सांगितला. मग तीन बोटं वर. "तीन आहेत. पण खरे आहेत."

"आणि पुढचे?"

"मफी." नाहीत.

मला कॉफीत उडी मारावीशी वाटली. कप अंगठ्याएवढा, म्हणून वाचलो. अरबाबने मान हलवली आणि वंशावळ कशी असते ते दाखवायला आपली यादी सुरू केली. तेराव्या नावाला अडला. डोळे मिटले, हातातली माळ थांबली. चाळिसांतल्या एकालाही पुढचं येईना. तेव्हा यानेच खालमानेने ते नाव सांगितलं. मग त्याच्या पुढचं. मग एकामागून एक सगळी, सबा, यश्जुब, यारुब, कहतान. नऊ वर्षं रोज सकाळी ऐकत आला होता.

अरबाब मोठ्याने हसला. "माझ्या सगळ्या पिढ्या याला पाठ! सातच्या कितीतरी वर झाल्या. घे किल्ली!"

मी असतो तर किल्ली दातात धरून पळालो असतो. हा जागचा हलला नाही.

"तुमच्या वाडवडिलांच्या नावावर नको, अरबाब. माझ्या तिघांवर देत असाल तर द्या."

खोलीत कुणीतरी "खलास" पुटपुटलं.

"माझ्या खोलीत आधीचा माणूस मराठी बायबल विसरून गेलाय," हा आपल्या हिंदी-अरबी खिचडीत बोलतच राहिला. "त्यात तुमचा कहतान आहे. तिथे त्याला यक्तान म्हणतात. त्याच्या तेरा मुलांची नावं दिलीत, की संपलं. पुढची सगळी गोष्ट त्याच्या भावाच्या वंशाची. लिहिणाऱ्याने सोडलं म्हणून तुमची माणसं नव्हती का? माझीही लिहिणाऱ्यांनी सोडली. तीही होती. नाहीतर मी कुठून आलो?"

अरबाबने किल्ली उचलून परत खिशात घातली. मिनिटभर तो माळेचे मणी ओढत राहिला. मी सांगतोय म्हणून महिनाभर धरा. मग गुडघ्यावर हात टेकत उठला, सगळ्यांदेखत चालत आला आणि किल्ली याच्या तळहातावर ठेवली.

"तिघांवर," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी याने वर्कशॉपच्या दाराशेजारी एक स्टीलची प्लेट वेल्ड केली. तीन नावं ठशांनी ठोकून काढलेली, तीही अगदी तळाला. वर हातभर जागा कोरी.

"एवढी रिकामी कशाला?" मी विचारलं.

"रिकामी कुठे? गर्दी आहे तिथे. नावं नाहीत एवढंच." दर गुरुवारी तो प्लेट पुसून तिला तेल लावायचा. समुद्राची हवा कुणालाच सोडत नाही.

पुढे काही वर्षांनी व्हिसा संपवून तो गावी गेला. विमानतळावर म्हणाला, "थापाडे, माझ्याबद्दल खुशाल काहीही सांगा. फक्त चौथा घालू नका."

नंतरच्या गुरुवारी मी तेलाचा डबा घेऊन दाराशी गेलो. अरबाब आधीच तिथे होता. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तो प्लेट पुसत होता. नावं पुसून झाली होती. आता टाचा उंचावून तो वरची कोरी जागा पुसत होता, अगदी काठापर्यंत.