रंगाखालची अर्थिंग

मी मेकॅनिक आहे त्या मस्कतच्या गॅरेजात आज कुणीतरी ऑइलपेंटचा डबा उघडला आणि त्या वासाने मला पावस गावच्या आंब्याच्या बागेत नेलं. सातवीत शाळा सोडलेला मी तिथल्या बागमालकांच्या, म्हणजे काकांच्या, जुन्या पिकअपवर नुकताच ड्रायव्हर लागलो होतो. मोसमातला पहिला आंबा पेट्यांत भरून गाडीत चढला, मुंबईला निघायची वेळ झाली, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टक्! मला वाटलं, पहिल्याच फेरीला घरी पाठवतात की काय. "शेजाऱ्यांची गाडी बोलावते," म्हणत काकू निघाल्या. काका म्हणाले, "थांब गो, त्याला बघू दे." बॅटरी नवी होती, म्हणजे दोष जोडणीत असणार, म्हणून मी तिच्या निगेटिव्हवरून जाड केबल थेट इंजिनला जोडली. गाडी लगेच सुरू झाली. मग बॅटरीची निगेटिव्ह चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली, तर खाली लाल रंगाचा थर! त्यातून वीज जाणार कशी? खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून काकांनी आदल्या आठवड्यात सगळी चासी रंगवली होती, पट्टी सोडून तिच्याखालची जागासुद्धा. "उभी राहिले असते तर मलाही रंगवलं असतं हो!" काकू म्हणाल्या. काकांनी हसत स्वतःच कोयतीने रंग खरवडला. आजही गाडी चालू होईना की मग ते "थांब गो" ऐकू येतं, आणि मी शांतपणे अर्थिंगपासून सुरुवात करतो.