मुरलीधरबुवांच्या बदनामीची फिर्याद

"उद्याच फिर्याद टाका, वकीलसाहेब. त्या बाईला कोर्टात उभं केल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

वसंतराव खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. त्यांचे वडील, सारंगखेड्याचे मुरलीधरबुवा, आदल्या वर्षी वारले होते. मोठे भजनगायक. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की शहाद्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात गिऱ्हाईकं चहा निवू द्यायची. मीही त्यातलाच. बुवा गावातल्या मुलींना फुकट गाणं शिकवायचे, त्याचंही सगळ्यांना कौतुक. नुकतंच महाराष्ट्र राज्य झालं होतं, शहाद्यात मुलींसाठी छात्रालय बांधून तयार होतं. कमिटीने त्याला बुवांचं नाव द्यायचं ठरवलं आणि सभा बोलावली.

सभेत कळसाडीच्या रेवाबेन उठल्या. गुजर शेतकऱ्याच्या घरची सून, माहेर सारंगखेड्याचं. म्हणाल्या, "लहानपणी मी बुवांकडे शिकायला जायची. शिकवणी सुटली की ते मला एकटीला थांबवायचे आणि दार लावून घ्यायचे. पुढचं मी इथे बोलणार नाही. माझी मुलगी या छात्रालयात येणार आहे. त्या नावाखाली मी तिला ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. इतकी वर्षं का गप्प बसली? मेलेला माणूस काय उत्तर देणार? कुणीतरी पढवलं असणार. तिच्या बाजूचेही काही होते, पण ते आवाज खाली घेऊन बोलायचे. मला विचाराल तर मी दोन्हीकडचं ऐकत होतो आणि कुठलंच पटत नव्हतं.

कायदा मात्र स्पष्ट होता. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते. बोलणाऱ्याचा हेतू त्याच्या घरच्यांना दुखवण्याचा हवा. पण कुणाच्या तरी रक्षणासाठी, प्रामाणिकपणे बोललं असेल, तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे सगळी केस हेतूवर. मी आधी नोटीस पाठवली. नोटीस म्हणजे कोर्टात जाण्यापूर्वीचा इशारा: शब्द मागे घ्या, माफी मागा, नाहीतर फिर्याद.

उत्तर टपालाने येईल असं वाटलं होतं. रेवाबेन स्वतःच आल्या, बरोबर त्यांची सासू. मी सांगितलं, "बाई, मी समोरच्या बाजूचा वकील. माझ्याशी बोलू नका, तुमचा वकील करा."

"बोलायला नाही आले," रेवाबेन म्हणाल्या. "माफी मागणार नाही, एवढं लिहून घ्या."

म्हातारीने नोटिशीचा कागद टेबलावर ठेवला. अहिराणीत म्हणाली, "एकलीनं नाव कशाले? मन्हं बी नाव टाका. मन्ही सून खोटं बोलत नही."

त्या काळात असल्या गोष्टीवरून सुनेला माहेरी धाडायचे. ही सासू सुनेसाठी आरोपी व्हायला निघाली होती. दोघी गेल्यावर मी बराच वेळ दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

वसंतरावांनी साक्षीदार आणले. एक कापूस व्यापारी, एक तबलजी. दोघेही म्हणाले, बुवा देवमाणूस.

"मुलींच्या शिकवणीला तुम्ही कधी बसलात?" मी विचारलं.

दोघेही कधी बसले नव्हते.

"वसंतराव, यांचा उपयोग नाही. बुवांकडे शिकलेल्या बायका आणा."

त्यांनी घरं पालथी घातली. कुणाची सासू आजारी, कुणाच्या नवऱ्याची परवानगी नाही. एकीने तर दारातूनच सांगितलं, "बुवांबद्दल मला चांगलंही बोलायचं नाही आणि वाईटही." मी त्यावरून काही ठरवलं नाही. तेव्हा बायका कुठल्याच कामासाठी कोर्टाची पायरी चढत नसत.

"मग ताईला आणतो," वसंतराव म्हणाले. "ती प्रत्येक शिकवणीला हजर असायची."

कुसुमताई त्यांची थोरली बहीण, दोंडाईच्याला दिलेली. बुवांची स्वतःची मुलगी. याहून चांगला साक्षीदार कुठला? तरीही मी माझी पद्धत सोडली नाही. समोरचा वकील साक्षीदाराला आडवेतिडवे प्रश्न विचारतो, त्याला उलटतपासणी म्हणतात. मी ती आपल्या साक्षीदाराची आधी ऑफिसात घ्यायचो.

"रेवाबेन तुमच्याबरोबर शिकायच्या?"

"हो. माझी मैत्रीण होती."

"शिकवणी सुटल्यावर थांबायच्या?"

"बाबा थांबवायचे. तिचा आवाज चांगला आहे म्हणायचे."

"तुम्ही तिथेच असायचा?"

त्यांनी भावाकडे पाहिलं. "नाही. मला बाहेर पाठवायचे."

"ताई, नीट आठव," वसंतराव मध्येच म्हणाले.

"नीटच आठवतंय, वसंता. रेवा यायची बंद झाली. मी आईला म्हटलं, तिला बोलवून आणू? आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तिला बोलवू नको आणि आणखी कुणालाही आणू नको. तेव्हापासून शिकवणीच्या वेळी आई दारात धान्य निवडत बसायची. शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत उठायची नाही."

वसंतराव आता खुर्चीत बसले. "मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? परवाही 'साक्ष द्यायची आहे, चल' एवढंच म्हणालास. शपथ घेऊन मी हेच सांगणार."

मग वसंतराव मला म्हणाले, "ते माझे वडील होते, साहेब."

"आहेतच. फिर्याद टाकू नका. बाकीचं वकिलाच्या हातात नाही."

ते उठले. बहिणीला म्हणाले, "कळसाडीची गाडी मिळते का बघू." तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे कुसुमताईंनी सांगितलं. म्हातारीने वसंतरावांना खाटेवर बसवून चहा दिला. त्या दोघी मैत्रिणी आत जाऊन बसल्या. रडणं झालं, नंतर चक्क हसणंही ऐकू आलं, आणि ते ऐकून वसंतराव तिकडे बाहेर डोळे पुसत होते.

कमिटीपुढे त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं, "नाव देऊ नका. रेवाबेन खरं बोलल्या." एवढंच बोलून खाली बसले. पाटीवर नुसतं 'कन्या छात्रालय' लिहिलं गेलं. जूनमध्ये रेवाबेनची मुलगी तिथे दाखल झाली.

गाव काही एकमताचं झालं नाही. बुवांचा पोरगा घाबरला, असं म्हणणारे शेवटपर्यंत होते. पण रेवाबेनला कोर्टात यावं लागलं नाही, म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. तिला मी काय काय प्रश्न विचारले असते ते मला ठाऊक होतं, आणि ते मी चांगलेच विचारले असते.

नवीन वकिलांना मी एवढंच सांगतो: पक्षकार रागात असेल तर त्याची फिर्याद लगेच लिहू नका. आधी त्याच्या घरातल्या बायकांना विचारा. त्यांना बहुतेक वेळा सगळं माहीत असतं. फक्त कुणी विचारलेलं नसतं.