तांबेऱ्याचा नवस

इसम नामे महांतप्पा वल्द अण्णाराव, कौम लिंगायत, पेशा काश्तकारी, साकीन मौजे बोरकडी, जिल्हा उस्मानाबाद. चालचलन नेक. शरीरात ऐब नाही. गव्हावर तांबेरा रोग पडल्याने गावाने नवस बोलला. सबब गावच्या शिवेबाहेर गहू वर्ज्य. साक्ष: सिद्रामप्पा, धान्याचे अडते, नळदुर्ग.

लढाईच्या दिवसांत धान्याच्या चौकशीला आलेल्या सरकारी गिरदावरानं हे लिहून नेलं. सांगतील ते लिहिणं त्याचं काम, पोटात डोकावणं नव्हे.

पोटात डोकावलं तर एवढंच होतं, की गव्हाचा घास गेला की महांतप्पा पंधरवडाभर तांब्या घेऊन परसाकडं. हकिमानं काढे दिले, वैद्यानं उष्णता सांगितली, देवरुष्यानं लिंगायताच्या दारात कोंबडं मागितलं. शेवटी बायकोनं, इरम्मानं, घरात गहूच आणणं सोडलं. सणालासुद्धा सगळं घर कडक भाकरी खाऊ लागलं. तेव्हा कुठं माणूस अंगानं भरला.

गावाला हे ठाऊक होतं. बाहेर मात्र ब्र नाही. पोरगा शिवप्पा लग्नाचा होता. बापाच्या पोटात रोग म्हटल्यावर मुलगी कोण देणार?

दिली अडते सिद्रामप्पांनी. साखरपुड्याला बोरकडीची माणसं गाडीत दाटीवाटीनं बसून नळदुर्गला निघाली, ती वाटभर हुग्गीच्याच गप्पा मारत. गव्हाच्या त्या गुळचट खिरीसाठी शेजारच्या गोरोबानं सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. महांतप्पाच्या उपरण्यात भाकरी बांधलेली होती.

पंगत बसली आणि सिद्रामप्पा हुग्गीचा घास घेऊन पुढं आले. वरबापाला पहिला घास भरवायची त्यांच्या घरची रीत.

"आ करा, अप्पा."

महांतप्पानं उपरण्यातली भाकरी चाचपली. खावं तर मुक्काम परसात, न खावं तर सोयरीक मोडली.

"थांबा मालक!" गोरोबा ओरडला. "गव्हावर तांबेरा पडला तवा नवस बोललाय. शिवंच्या भाईर गहू तोंडात घालायचा न्हाय."

"अप्पांनीच?"

"न्हाय जी, समद्या गावानं."

म्हणून बसल्यावर आपण काय म्हणालो ते त्याला कळलं. पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. बोरकडीच्याच उत्तरेश्वराचा घास तोंडातच होता. तो त्यानं देवाची माफी मागून गिळला.

सिद्रामप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "लई मोठा नवस," म्हणाले, आणि आत हाक दिली, "भाकरी आणा गं. सगळ्यांना."

परतीच्या गाडीत उत्तरेश्वर धुमसत होता. "आतडं ह्याचं आन् उपास आमाला! गोऱ्या, एकट्याचा नवस बोलाय काय झालतं तुला?"

"एकट्याचा म्हणलं की लोक इचारत्यात, का म्हणून? गावाचा म्हणलं की कोण इचारतंय?"

"व्हय, आन् म्या कुणाला इचारू हुग्गी?"

"म्या न्हाय सांगितलं नवस बोलाय," महांतप्पा पुटपुटला.

"तू गप बस. तुझ्यापायीच झालंय समदं."

नवस पाळावाच लागला. बाजारातून बातमी गावोगाव गेली. लग्नात बोरकडीचा माणूस दिसला की वाढपी हुग्गीचं पातेलं घेऊन पुढं सरके. गोरोबा सासुरवाडीतही भाकरी मोडी आणि घरी आल्यावर आधी महांतप्पाच्या दारात जाऊन त्याला शिव्या घाली. इरम्मा त्याला ताक देई. पळवाट मात्र कुणी काढली नाही. शिवप्पाचं लग्न झालं, पोरं झाली, महांतप्पाच्या पोटातलं गुपित काही बाहेर फुटलं नाही.

बोरकडीच्या मुरमाड रानात गहू कधी पिकलाच नव्हता, आणि तिथलं जोंधळ्याचं पोतं न् पोतं पहिल्यापासून सिद्रामप्पांच्याच अडतीवर उतरत होतं.